सतरा नंबरचा चर

ग्रॉन्या म्हणते, हळू चला, कॉर्मक,
तुमचे बूट अजून कामावर निघाल्यासारखे वाजतात.
खरं आहे. सत्तावीस वर्षं
याच वाटेनं गेलो, पहाटे पाचच्या पाळीला,
डबा काखेत, डोळ्यांवर झोपेची साय,
आणि समोर, आयर्लंडच्या ऐन पोटात,
पालथ्या तव्यासारखी काळी दलदल,
खरवडून सपाट केलेली.
पान नाही, पाखरू नाही.

तिचं पाणी मी काढलं.
पंधरा पावलांवर एक चर, मग पुढचा, मग पुढचा.
फोरमन म्हणायचा, कॉर्मकचा चर म्हणजे
पट्टीनं आखलेली रेघ.
मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.
वर्षाला मिलिमीटरभर साचलेलं पीट,
त्याची शंभर वर्षं माझं यंत्र
एका उन्हाळ्यात उचलून नेई,
आणि रात्री तीन परगण्यांत दिवे लागत.

नंतर चर बुजवायचेही पैसे मिळाले.
तेच यंत्र, तोच मी,
फक्त गिअर उलटा.
पाणी बिचकत आलं,
हाकललेलं कुत्रं परत येतं तसं,
कडेकडेनं.

थांबा, ग्रॉन्या म्हणते, आणि गुडघ्यांवर बसते.
शेवाळाच्या ओल्या गादीत दवबिंदू,
नखाएवढं लाल झाड, हातांवर चिकट थेंब,
एका थेंबात चिलट, अजून पाय झाडणारं.
हे लावलं कुणी?
कुणी नाही, ती म्हणते, आणि वहीत लिहिते.

जिथून माझ्या वॅगनी जात
त्या गंजक्या रुळांवर ससा,
कान साफ करतोय, आज गाडी नाही हे माहीत असल्यासारखा.
राखाडी भोवत्या जमिनीला शिवतो, न शिवतो,
आणि निघून जातो.

मग वरून तो आवाज.
ढगात करडू हरवावं तसा, थरथरता.
माझा बाप त्याला हिवातलं करडू म्हणायचा,
लहानपणी मी आभाळात शेळी शोधायचो.
पाणलावा, ग्रॉन्या सांगते,
आवाज चोचीतून नाही, शेपटीच्या पिसांतून,
सूर मारताना.
मला ठाऊक नव्हतं. बापालाही नसावं.
शेवटची वीस वर्षं त्याला ते करडू ऐकू आलं नाही,
आणि कुठे गेलं, असं त्यानं कधी विचारलं नाही.
उत्तर माझ्या पगाराच्या पाकिटात होतं.

सगळे येतात ते क्रौंचासाठी.
मागच्या वसंतात एक जोडी उतरली म्हणे,
मॅलकीच्या दुकानात पैजा लागल्यात.

सतरा नंबरच्या चराशी मी थांबलो.
आता तिथे लांबट तळं, कडेनं बोरू.
पाण्यानं सगळं झाकलं,
सरळपणा तेवढा झाकला नाही.
आणि बोरूपलीकडून ते आलं.
तुतारी म्हणावी तर नाही, कुरकुरतं दार म्हणावं तर नाही,
मधलंच काही. एकदाच.
मी वळलो. ग्रॉन्या लांब मागे
एका पायावर उभी, बुटातलं पाणी ओतत.
काय झालं?

वहीत रकाने आहेत: पाहिला, ऐकला, संख्या, साक्षीदार.
दोघं लागतात, ती म्हणते, नियम आहे.
पाऊण तास उभा राहिलो.
चिलटांनी मान फोडून काढली.
एक बेडूक. एक निळा चतुर,
मला खुंट समजून बाहीवर बसला.
पेन्सिलीनं लिहिते, ती म्हणाली,
पुढच्या रविवारी बघू शाईचं.

घरी शेडमध्ये
दोन हिवाळ्यांचं पीट अजून रचलेलं आहे,
कोरडं, हलकं, माझ्या हातचं.
मी ते जाळणार आहे. थंडी थंडीच असते.
पण आज शेगडी पेटवताना एका ढेकळात
शेवाळाची काडी दिसली,
इवल्या पानांसकट, कोण जाणे किती शतकांची.
ती काढून बशीत ठेवली, वर पाणी,
खिडकीत.
उगवायची नाही, एवढं मलाही कळतं.

डिंफनानं पाहिलं, काही बोलली नाही.
दिवा मालवताना म्हणाली,
ती जोडीतली बशी आहे.